पाठमोरी खुर्ची

मी लोकांच्या मागे उभी राहून आयुष्य काढलंय. केस कापणाऱ्या बाईला दुसरी जागाच नसते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, की त्याचं तोंड आरशाकडे आणि माझं त्याच्या डोक्याकडे. आमच्या घरचे ड्रायव्हर, म्हणजे माझे यजमान, बस चालवतात. ते दिवसभर लोकांकडे पाठ करून बसतात आणि मी लोकांच्या पाठीशी उभी असते, त्यामुळे आमच्या संसारात समोरासमोर असं फारसं काही घडलंच नाही, असं मी त्यांना चिडवते. ते म्हणतात, "म्हणून तर टिकला."

मागे माणूस उभं असलं की लोक बोलतात. का ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं, पण बोलतात खरे. नवऱ्यापाशी बोलत नाहीत, डॉक्टरपाशी बोलत नाहीत, ते माझ्यापाशी बोलून मोकळे होतात. आणि मी? मी "हो का", "बाई गं" आणि "पुढून अजून थोडे घेऊ?" एवढ्या भांडवलावर धंदा केला.

पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई माझ्याकडे नेमाने यायच्या. ताठ मानेच्या, शब्द तोलून वापरणाऱ्या. एकदा त्यांचं डोकं बेसिनवर टेकवून मी केस धूत होते. डोळे मिटलेले होते. त्या एकदम म्हणाल्या, "माझा मुलगा मला घाबरतो. स्वतःला मुलं झाली, तरी अजून घाबरतो."

माझ्या हातात पाण्याची नळी. काय बोलावं? मी म्हटलं, "पाणी गार लागतंय का हो?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि विषय मिटला. पुढे त्या बरेच दिवस येत राहिल्या, पण ते वाक्य पुन्हा त्यांच्या तोंडून निघालं नाही. मला मात्र ते पुरून उरलं. भांडी घासताना आठवायचं, रस्ता ओलांडताना आठवायचं, आणि दर वेळी मी स्वतःवर चरफडायची. एक माणूस दार उघडून उभं राहिलं होतं आणि मी त्याला पाण्याचं विचारलं. तिथे काहीतरी विचारायला हवं होतं. काय, ते मला येत नव्हतं. आणि जे येत नाही ते शिकावं लागतं, एवढं तर मला माझ्या कात्रीनेच शिकवलं होतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला सिस्टर लोकांचं कॉलेज आहे. खाजगी, आणि इतकं लहान की सगळं कॉलेज एका हॉलमध्ये बसतं आणि वर खुर्च्या उरतात. एका बाजूला चॅपेल, दुसऱ्या बाजूला सिस्टरांचं राहतं घर. आम्ही काही चर्चला जाणाऱ्यांतले नव्हे, पण त्या घरात माझं जाणं-येणं जुनं. सिस्टरांच्या डोक्यावरच्या कापडाखाली केस असतात आणि ते वाढतात, हे लोक विसरूनच जातात. ते कापायला मी जायची. जेवणघरात खिडकीशी एक खुर्ची ठेवलेली असे. आरसा नाही. प्रिन्सिपल सिस्टर पहिल्या बसायच्या आणि "लवकर" एवढंच म्हणायच्या.

त्या कॉलेजात सकाळचे वर्ग असतात आणि शाळा सोडून जन्म लोटलेल्यांनाही ते घेतात, ही पाटी मी फाटकावर कितीदा तरी वाचली होती. माझं पार्लर दुपारी उघडतं. म्हणजे वेळेची सबब नव्हती. अडचण एकच होती. माझी लेक तिथेच शेवटच्या वर्षाला होती.

मी जेवताना विषय काढला. ड्रायव्हर साहेब म्हणाले, "चांगलं आहे की. डबा दोघींचा एकदमच करता येईल."

लेकीने चमचा खाली ठेवला. "आई, जगात दुसरं कॉलेज नाही का?"

"जगात आहे. चालत जाण्यासारखं नाही."

"मी शाळेत होते तेव्हा सगळ्या बाई माझ्यासमोर काय म्हणायच्या माहितीये? 'हिच्या आईला विचारा, तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं.' मैत्रिणी माझ्यापाशी काही बोलायच्या नाहीत. म्हणायच्या, हिला सांगितलं की पार्लरमध्ये पोचलं. एक ही जागा अशी आहे की तिथे मी कुणाची मुलगी नाहीये. तिथेही येणार तू?"

हे मला ठाऊक नव्हतं. मला राग यायला हवा होता, कारण खुर्चीतलं ऐकलेलं मी कधी दुसऱ्या खुर्चीत सांडलं नाही. सिनेनटांबद्दल वाटेल ते बोलेन, गिऱ्हाइकाबद्दल नाही. पण राग आला नाही, वाईट वाटलं. तिला आपली अशी एक जागा हवी होती, आणि नेमकी मलाही तीच.

"जाऊ दे," मी म्हटलं. "नाही करत अर्ज."

तिने चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "कर. पण कॉलेजमध्ये मी तुला ओळखत नाही. तूही मला ओळखायचं नाहीस."

"ठरलं," मी म्हटलं. तसंही ती मला डोक्याला हात लावू देत नव्हती. मोठी झाल्यापासून केस कापायला ती स्टेशनरोडच्या दुसऱ्या पार्लरमध्ये जायची. केस कापणाऱ्या बाईची मुलगी! तिच्या मागच्या केसांची कापलेली रेघ कायम डावीकडे उतरलेली असायची आणि मी घरात ती बघून दात-ओठ खायची, पण एक शब्द बोलायची नाही.

अर्जात विचारलं होतं, तुम्हाला इथे का शिकायचं आहे. मी पुष्कळ खाडाखोड केली आणि शेवटी लिहिलं, "लोक मला सांगतात. मला पुढे काय विचारायचं ते कळत नाही." ड्रायव्हरांनी वाचून डोकं खाजवलं. म्हणाले, "खरं आहे ना? मग दे."

मुलाखतीला बोलावणं आलं. प्रिन्सिपल सिस्टरांची खोली, घासून घासून गुळगुळीत झालेली फरशी, भिंतीवर क्रूस, टेबलावर फुलं नसलेली फुलदाणी. सिस्टर टेबलामागे बसल्या होत्या. मी आत शिरले, नमस्कार केला आणि चालत जाऊन त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी राहिले. कसं झालं देव जाणे. पायांना तेवढंच माहीत. माझा हात त्यांच्या डोक्यावरच्या कापडापर्यंत गेलासुद्धा होता.

सिस्टर मागे न वळता म्हणाल्या, "बाई, आज केस नाहीत कापायचे. पुढे या. बसा."

मी पुढे आले आणि शरमेने लाल होऊन बसले. इतकी वर्षं मी त्यांची मान ओळखत होते, कानामागचा तीळ ओळखत होते, पण चेहरा असा समोरून कधी बघितलाच नव्हता. डोळे वाटलं होतं त्यापेक्षा मऊ होते. त्यांनी विचारलं, काय वाचता? मी काहीतरी पुटपुटले. का शिकायचंय? मी म्हटलं, अर्जात लिहिलंय. बाकी तोंडाला कुलूप. जी बाई कंगवा हातात आला की थांबत नाही, ती तिथे दगडासारखी बसून राहिली.

सिस्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही माझे केस कापता म्हणून मी तुम्हाला घेणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि म्हणून नाकारणारही नाही. शाळेचा दाखला फार जुना आहे, त्यामुळे प्रवेश तात्पुरता. आमच्याकडे पहिलं सत्र संपताना प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सगळ्या कॉलेजसमोर उभं राहून बोलावं लागतं. हातात कागद नाही. शिकलेल्यातलं स्वतःला काय कळलं, ते सांगायचं. ते जमलं तर प्रवेश पक्का. नाही जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज."

मी मान हलवली. पुढचं वर्ष म्हणजे काय ते मी ओळखून होते. एकदा हिय्या करून या फाटकातून आत आले होते. परत गेले तर लग्नसराई, गिऱ्हाइकं, गुडघे, हजार सबबी मिळतील आणि मी परत काही येणार नाही.

वर्ग सुरू झाले आणि मला चक्क मजा वाटायला लागली. मी मागच्या बाकावर बसायची. माझ्यापुढे सगळी डोकीच डोकी. कुणाचे शेंडे फाटलेत, कुणी घरच्या घरी रंग लावून कानाची वाट लावलीय, सगळं दिसायचं, पण ऐकूही नीट यायचं. आणि बोलायलाही यायचं. पोरं मागे वळून बघेपर्यंत माझं बोलून झालेलं असायचं. त्यांनी मला 'मावशी' करून टाकलं. लेक व्हरांड्यात समोरून आली की खिडकीबाहेर बघायची आणि मी नोटीस बोर्डाकडे. आमचा करार चोख होता.

नीतिशास्त्र शिकवायला एक म्हातारे फादर होते. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते उत्तर देण्यापेक्षा विचारायचेच जास्त. तुम्ही काहीही बोला, ते कानामागे हात धरून म्हणायचे, "म्हणजे?" तुम्ही आणखी सांगितलंत की पुन्हा "म्हणजे?" पोरं वैतागायची. मीही आधी वैतागले. मग लक्षात आलं की तिसऱ्या "म्हणजे"पर्यंत माणूस आपलं खरं बोलणं बोलायला लागतो.

एकदा ते आम्हाला चॅपेलमध्ये घेऊन गेले आणि पापनिवेदनाची जागा दाखवली. लाकडी कपाटच म्हणायचं. मध्ये फादर बसतात, बाजूला सांगणारा गुडघे टेकतो, दोघांच्या आड जाळी. फादरांचा कान जाळीकडे, चेहरा भलतीकडे. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, जीव गेला तरी नाही, असं फादर सांगत होते.

"अहो, हे तर माझं पार्लर आहे!" मी म्हटलं, आणि चॅपेलमध्ये हशा पिकला.

फादर हसले नाहीत. कानामागे हात नेला. "म्हणजे?"

म्हणजे काय, ते मला तिथल्या तिथे सांगता येईना. फादर म्हणाले, "हरकत नाही, बाई. उभ्या राहाल तेव्हा सांगा."

मग माझं पुढचं सगळं सत्र त्या "म्हणजे" वरच गेलं. ड्रायव्हर जेवताना परीक्षा घ्यायचे. मी ओट्याशी पाठ करून भाषण करायची, फर्डं. ते म्हणायचे, "बास, तू पहिली येणार." लेक कानात हेडफोन घालून बसायची, पण तिचा पाय हलत नसायचा. म्हणजे गाणं लावलेलं नसायचं.

तो दिवस आला. हॉलमध्ये अर्धगोलात खुर्च्या मांडलेल्या. त्या मांडायचं काम शेवटच्या वर्षाच्या मुलांचं असतं, त्यामुळे लेक आणि तिचे सोबती भिंतीकडेला उभे होते. पुढच्या रांगेत सिस्टर, शेजारी फादर. आधी एक पोरगा बोलला, मग एक चष्मेवाली बोलली, छान बोलली. मग माझी पाळी.

मी मध्ये जाऊन उभी राहिले, आणि समोर बघितलं. चेहरे. नुसते चेहरे. सगळे डोळे माझ्याकडे. एकही मान नाही, एकही पाठ नाही. माझी बोबडी वळली. ओट्यापाशी घोकलेलं पहिलं वाक्यसुद्धा सापडेना. घशातून कसलातरी आवाज निघाला आणि तोही थांबला. कुणीतरी खोकलं. चष्मेवाली मला धीर द्यायला हसली, त्याने तर मी पुरतीच गेले. सिस्टरांनी जरा वाट बघितली, मग फादरांकडे बघितलं. मला कळत होतं की हे संपतंय. मनात एकच, की लेक हे बघतेय, तिच्या जागेत, तिच्या लोकांसमोर.

तेवढ्यात भिंतीकडून खुर्ची उचलल्याचा आवाज आला. लेक खुर्ची घेऊन सरळ मधोमध आली. माझ्यापुढे ती खुर्ची ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून, सगळ्या कॉलेजकडे तोंड करून बसली. केसांचा रबर ओढून काढला. केस माझ्यापुढे मोकळे पडले.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, अगदी मागच्या रांगेला ऐकू जाईल असं, "बोल आता."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मावशी हिची आई? माझे डोळे भरून आले, पण हातांना रडणं माहीत नाही. खिशात कंगवा असतोच. मी तो काढला, तिच्या केसांत घातला आणि बोलायला लागले.

काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, माणसाला सांगायचं असतं, पण सांगताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल याची धास्ती असते. म्हणून जाळी लागते, म्हणून माझी खुर्ची लागते. आणि ऐकणाऱ्यालाही ओझं होतं, म्हणून तोही काहीतरी आडपडदा शोधतो. मी पाण्याचा आडपडदा केला होता. पोस्टातल्या बाई कोण, कुठल्या, ते सांगितलं नाही, पण एका खुर्चीत एक वाक्य आलं होतं आणि मी पाणी गार आहे का विचारलं, हे सांगितलं.  तिच्या केसांत मागच्या बाजूला एक गुंता लागला, तो सोडवताना मी बोलायची थांबले नाही.

माझं झाल्यावर फादरांनी कानामागे हात नेला. "बाई, पण आमच्या जाळीत आरसा नाही. तुमच्याकडे आहे."

"हो ना," मी म्हटलं. "तुमच्याकडे माणूस माफी मागायला येतो. माझ्याकडे स्वतःला बघत बसतो. म्हणून माझ्याकडे कुणी माफी मागत नाही, नुसतं सांगतात. माफीचं मला काही करता येणार नाही. विचारायचं मात्र राहून जातंय, ते मी इथे शिकतेय."

"कोणाकडून?" सिस्टरांनी विचारलं.

"फादरांकडून. त्यांना ऐकू येत नाही म्हणून."

सगळे हसले, आणि फादरांना शेजाऱ्याने सांगितल्यावर तेही हसले. सिस्टर उठल्या. म्हणाल्या, प्रवेश पक्का, आणि पुढच्या वेळी खुर्चीशिवाय बोलायची सवय करा. लेक उठली, रबर मनगटावरून काढून केस बांधले आणि खुर्ची जागेवर नेऊन ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या मैत्रिणी तिच्याभोवती जमल्या, आणि मला वाटलं, गेली हिची एकुलती एक जागा, माझ्यापायी गेली.

संध्याकाळी मी पार्लर आवरत होते. दार वाजलं. लेक होती. कधी नाही ती आत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मागची रेघ डावीकडे उतरते ना?"

"उतरते."

"मग सरळ कर. तू रोज बघतेस आणि दात खातेस, मला काय कळत नाही?"

मी कापड बांधलं. तिचं डोकं बेसिनवर टेकवलं आणि केस ओले केले. ती डोळे मिटून पडली होती. लहानपणी अशीच पडायची आणि पाण्यात गाणी म्हणायची. मग मी तिला सरळ बसवलं, केस विंचरले, कात्री घेतली. आरशात आमची नजरानजर झाली आणि तिने खाली बघितलं. मी पायाने खुर्ची गर्रकन भिंतीकडे फिरवली. समोर नुसता पिवळा रंग.

मी मागची बट बोटांत धरली. तेव्हा ती म्हणाली, "मी तिकडे केस कापायला का जाते, माहितीये? तुझ्या खुर्चीत बसले तर मी सगळं सांगून टाकेन, म्हणून." मग म्हणाली, "मला तुझी भीती वाटते, आई. अजून वाटते."

 जिभेवर आलं होतं, पाणी गार होतं का गं? ओठांपर्यंत आलं होतं. ते गिळलं, बट सोडली आणि कात्री ट्रेमध्ये ठेवली.

"कशाची?" मी विचारलं.

तिने सांगायला सुरुवात केली. मध्येमध्ये थांबली की मी "म्हणजे?" म्हणायची, आणि ती पुन्हा सांगायची. काही माझ्याबद्दल होतं, ऐकायला सोपं नव्हतं. तिचं सांगून झालं तेव्हा केस पार वाळून गेले होते, आणि मला ते पुन्हा ओले करावे लागले.